लिबुस्, लिबुओस्: हा शब्द ‘गुरु’सारखा का चालत नाही?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. वय ६९, मुक्काम चिपळूण, निवृत्त स्थापत्य अभियंता. गेले चौदा महिने घरबसल्या प्राचीन ग्रीक शिकतोय. हसायचं तर हसा, आमच्या घरातलं सगळ्यांचं हसून झालंय.

आधी पार्श्वभूमी, म्हणजे प्रश्न कळेल. १९८१ ते ८४ मी लिबियात होतो. अल बैदा नावाच्या गावी घरबांधणीचं काम होतं. कंपनीचं नाव विचारू नका, शेवटच्या पाच महिन्यांचा पगार अजून यायचाय. तिथून जवळच शहात हे गाव, आणि त्याला लागून कुरेने या जुन्या ग्रीक शहराचे अवशेष. नकाशात सायरीन म्हणून सापडेल. शुक्रवारी सुटी असे. आमचा ड्रायव्हर त्याच बाजूचा. तो आम्हाला तिथे सोडायचा आणि स्वतः झऱ्याजवळच्या सावलीत ताणून द्यायचा. तीन वर्षांत तीसेक वेळा गेलो असेन. दगडांवर हातभर लांबीचे लेख कोरलेले, मी सिमेंटच्या गोण्या मोजल्यासारखा नुसता ओळी मोजून परत यायचो. ती रुखरुख चाळीस वर्षं राहिली.

आता हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथाचा चौथा भाग वाचतोय. बसल्या बैठकीला चार ओळी, फार तर पाच. या भागात लिबियाच लिबिया आहे, आणि तिथेच अडलो.

लिबियातला एक माणूस म्हणजे ‘लिबुस्’. (मधला ‘बु’ खरं तर बु आणि बि यांच्या मधला. ओठ ‘उ’चे ठेवायचे आणि जीभ ‘इ’ची. मी आरशासमोर करून पाहिलं, नातीने व्हिडिओ काढला.) द्वितीया लिबुन्, षष्ठी लिबुओस्, चतुर्थी लिबुइ. अनेकवचनी लिबुएस्, लिबुअस्, लिबुओन्, लिबुसि.

अडचण अशी. मी अकरावीच्या मॅट्रिकचा माणूस, संस्कृत पाठ आहे. गुरुः, गुरोः, गुरवः. अंत्य उ-चा गुण होतो, म्हणजे ओ किंवा अव्. ग्रीकमध्येही असं होतं, पुस्तकात दिलंय: ‘पेखुस्’ म्हणजे हात, आपल्या ‘बाहु’चा सख्खा भाऊ. त्याची षष्ठी हेरोडोटसच्या बोलीत ‘पेखेओस्’. उ गेला, ए आला. मग लिबुस्-चं लिबेओस् का होत नाही? हा उ इतका हट्टी का?

दुसरं, बाईला काय म्हणायचं?

तिसरं, आणि खरं तर हेच डोक्यात जास्त घोळतंय. हेरोडोटसच्या लेखी लिबुस् म्हणजे नेमका कोण? आमच्या ड्रायव्हरला कोण कुठला विचारलं की तो टोळीचं नाव सांगायचा, मग डोंगराचं. ‘लिबी’ हा शब्द त्याच्या तोंडून मी पोलीस चौकीवर कागद दाखवतानाच ऐकला.

शब्दखोदाई

नाना, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मॅट्रिकच्या पुस्तकात आहे, फक्त दोनचार पानं पुढे. ‘गुरु’ सोडा, ‘भ्रू’ चालवून बघा. भ्रूः, भ्रुवौ, भ्रुवः. षष्ठी भ्रुवः. आहे का कुठे गुण? नाही. ग्रीकमध्ये भुवईला ‘ओफ्रुस्’ म्हणतात, तोच शब्द, आणि त्याची षष्ठी ‘ओफ्रुओस्’. तुमच्या लिबुओस्-शी ताडून पाहा.

म्हणजे ग्रीकमध्ये उकारान्तांची दोन घराणी. एक पेखुस्-चं. त्यात षष्ठीला मुळात -एवोस् होतं, मधला व् गळाला आणि -एओस् राहिलं. बहुतेक विशेषणं याच घराण्यातली: ‘बारुस्’ म्हणजे जड, आपला ‘गुरु’, ‘ओकुस्’ म्हणजे वेगवान, आपला ‘आशु’, ‘हेदुस्’ म्हणजे गोड, आपला ‘स्वादु’. दुसरं घराणं ओफ्रुस्-चं, ‘इख्थुस्’ म्हणजे मासाही त्यातलाच. तिथे उ जागचा हलत नाही.

बाहेरून आलेली विशेषनामं बहुतेक दुसऱ्या घराण्यात जातात. हेरोडोटसच्या पहिल्या भागात क्रोइसोस राजाचा मुलगा आहे आतुस्, त्याची षष्ठी आतुओस्. हालुस् नदी आहे, हालुओस्. लिबुस् त्यांच्याच पंगतीला बसलाय.

मी पंचवीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. आपण ‘दगड’चं ‘दगडाला’ करतो, पण ‘लंडन’चं ‘लंडनाला’ करत नाही, ‘लंडनला’ म्हणतो. परक्या नावाला हात लावताना माणूस बिचकतो. घरचा शब्द कसाही वाकवतो.

बाई म्हणजे ‘लिबुस्सा’. फोइनिक्स (फिनिशियन पुरुष) आणि फोइनिस्सा, किलिक्स (किलिकियाचा पुरुष) आणि किलिस्सा, तशीच जोडी. फोइनिस्सा-मध्ये मूळ ‘फोइनिक्’ला ‘या’ लागून क्य-चा स्स झालाय. लिबुस्-ला मुळात क् नाहीच, तेव्हा हे रूप बाकीच्यांचं बघून शिवलेलं दिसतं. मापं शेजारणीची, कापड आपलं.

खारीबुंदी

मला बत्तिसाव्या वर्षी दुधाचा हिशोब लागत नाही आणि इथे ६९व्या वर्षी षष्ठीची चिकित्सा चाललीय. नाना, तो व्हिडिओ टाका.

वाशिष्ठीकाठ

@शब्दखोदाई, ताई, साष्टांग नमस्कार. भ्रू! परीक्षेत मला भ्रू आला होता आणि मी चुकवला होता, आज कळलं का आला होता.

लिबुस्सा मिळाली. चौथ्या भागातच आहे, १८९व्या परिच्छेदात. हेरोडोटस म्हणतो, अथेने देवीच्या मूर्तीच्या अंगावर जे कातड्याचं वस्त्र दाखवतात ते ग्रीकांनी लिबुस्सांच्या पोशाखावरून उचललं. फरक एवढाच की त्यांच्या वस्त्राला कातड्याच्या वाद्या लोंबतात, आणि ग्रीकांनी त्यांचे साप केले. बायका देवळात जो ‘ओलोलु’ असा उंच आवाज काढतात तोही तिकडूनच आला असावा, असं त्याला वाटतं, कारण लिबुस्सा तो फार सुरेख काढतात. यावर मी साक्ष देऊ शकतो. बैदाला एका लग्नात पंगतीच्या मागून तो आवाज आला तेव्हा माझ्या हातातला घास हातात राहिला होता.

@खारीबुंदी, व्हिडिओ मिळणार नाही.

तिसरा प्रश्न अजून तसाच आहे.

लेणीवेडा

तिसऱ्यावर मी बोलतो.

हे नाव ग्रीकांनी घडवलेलं नाही आणि तिथल्या सगळ्या लोकांचंही नाही. इजिप्तच्या पश्चिम हद्दीपलीकडे अनेक टोळ्या होत्या, त्यातल्या एकीचं नाव लिबू. फारो मेरेनप्ताह याने इ.स.पू. १२०८ च्या सुमारास लिबूंच्या म्होरक्याची मोठी चढाई परतवली, त्याचा लेख कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर आहे. लिहिताना अक्षरं येतात ‘र-ब-उ’, कारण त्या काळच्या इजिप्शियन लिपीत ल-ला स्वतःचं अक्षर नव्हतं. रलयोरभेदः (र आणि ल यांत भेद नाही), आपल्याकडचा नियम नाईलकाठीही लागू. शेजारीच मेश्वेश नावाची दुसरी टोळी होती. तिचं नाव ग्रीकांच्या कानी आधी पडलं असतं तर आज देशाचं नाव वेगळं असतं.

म्हणजे दारात जो पहिला दिसला त्याचं नाव अख्ख्या गावाला. आणि नंतर अख्ख्या खंडाला, कारण ग्रीकांच्या हिशोबात जगाचे तीन भाग: युरोप, आशिया आणि लिबुए. आपण आज ज्याला आफ्रिका म्हणतो ते.

होमरच्या ओडिसीत देश म्हणून लिबुए येते. चौथ्या सर्गात मेनेलाओस सांगतो की तिथल्या कोकरांना जन्मतःच शिंगं असतात. मेंढ्या ठाऊक झाल्या, माणसं अजून नाहीत. हेरोडोटसपर्यंत येताना मात्र टोळ्यांची यादीच लागते: नासामोनेस, आस्बुस्ताइ, गारामान्तेस. आणि शेवटी, १९७व्या परिच्छेदात, तो हिशोब मांडतो की या भूमीवर चारच जमाती. दोन मूळच्या: उत्तरेला लिबुएस्, दक्षिणेला आइथिओपेस्. दोन आगंतुक: फिनिशियन आणि आम्ही ग्रीक. म्हणजे कुरेनेत दोनशे वर्षं राहिलेला ग्रीक हा लिबुस् नव्हे. नानांनी वाचायचे ठरवलेले ते लेख लिबियातले, पण लिबुओन् (षष्ठी अनेकवचन, बरोबर ना ताई?) नव्हेत.

आणि आपण तरी काय वेगळं केलं? इओनिया हा ग्रीकांचा एक भाग, आशियाच्या किनाऱ्यावरचा. इराण्यांना तो आधी भेटला, त्यांनी सगळ्या ग्रीकांना ‘यौन’ म्हटलं, आपण ‘यवन’. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, जुन्नरला आहेत, नाशिकच्या पांडवलेण्यात दात्तामित्रीहून आलेला इंद्राग्निदत्त स्वतःला ‘योणक’ म्हणवतो. यातला कितवा जण खरोखर इओनियाचा असेल? पुढे तर आपण यवन हा शब्द कुणाकुणाला लावला ते सांगायला नको.

जाता जाता: पाणिनीच्या सूत्रात ‘यवन’चं स्त्रीलिंग ‘यवनानी’ होतं, आणि कात्यायन त्यावर म्हणतो की हे लिपीसाठी. तिकडे बाईसाठी लिबुस्सा, इकडे लिपीसाठी यवनानी.

शब्दखोदाई

लिबुओन् बरोबर. फक्त हा ‘ओ’ दीर्घ आणि लिबुओस् मधला ऱ्हस्व. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, आपल्याकडे ऱ्हस्व ओ-ला चिन्ह नाही. नाना, वहीत दीर्घ ओ-वर आडवी रेघ मारत चला, नाहीतर पुढे क्रियापदं चालवताना रडाल.

@लेणीवेडा, तुमचा ‘दारातला पहिला’ पटला, पण ‘नाव अख्ख्या गावाला’ हे हेरोडोटस इतकं डोळे मिटून करत नाही. दुसऱ्या भागात, १८व्या परिच्छेदात, मारेआ आणि आपिस या सीमेवरच्या गावांची गोष्ट आहे. तिथले लोक म्हणाले, आम्ही इजिप्शियन नाही, लिबुएस् आहोत, आमची भाषाही वेगळी, तेव्हा इजिप्तचे धर्मनियम आम्हाला नकोत. मुख्य तक्रार ही की गाय खायची बंदी नको. आमोनच्या देवस्थानाकडे कौल मागितला. देवाने सांगितलं: नाईल जेवढी जमीन भिजवते ते इजिप्त, आणि एलेफान्तिने बेटाच्या खाली, म्हणजे उत्तरेला, जो नाईलचं पाणी पितो तो इजिप्शियन. संपलं.

म्हणजे आपण कोण हे त्यांनी सांगितलं, आणि देवाने त्यांची पाणीपट्टी तपासली.

वाशिष्ठीकाठ

ताई, थांबा थांबा. यात मोठी गंमत आहे. मी परवाच चौथ्या भागातला १८६वा परिच्छेद संपवला. तिथे तो म्हणतो, इजिप्तपासून त्रितोनिस सरोवरापर्यंतचे भटके लिबुएस् मांस खातात, दूध पितात, पण गाय खात नाहीत, इजिप्शियन खात नाहीत त्याच कारणासाठी. डुकरंही पाळत नाहीत. आणि कुरेनेतल्या ग्रीक बायकासुद्धा इसिस देवीला मान म्हणून गाय वर्ज्य समजतात!

म्हणजे मारेआकर गाय खाता यावी म्हणून लिबुएस् व्हायला निघाले, आणि खरे लिबुएस् गाय खातच नव्हते. कौल मिळाला असता तरी ताट तेच.

एका माणसाच्या पुस्तकात दोन भागांच्या अंतरावर हे पडलंय आणि त्याने स्वतः त्यावर एक शब्द काढलेला नाही. मला हा लेखक याचसाठी आवडतो. साइटवरच्या जुन्या मुकादमासारखा, जे पाहिलं-ऐकलं ते नोंदवहीत, ताळमेळ साहेबांनी घालावा.

अथेन्सची_सून

मी उशिरा आले, पण सासरचा विषय आहे.

नाना, आजच्या ग्रीकमध्ये तुमचा शब्द विचाराल तर गोंधळाल. ब-चा व झाला, तो मधला उ सरळ इ झाला. आज लिबियन माणूस म्हणजे ‘लिव्हिओस’, बाई ‘लिव्हिआ’. तुमची जुनी षष्ठी लिबुओस् आणि आजची प्रथमा कागदावर अक्षर न् अक्षर सारखीच. ‘लिबुस्’ म्हणालात तर आमच्याकडे कुणाला कळणार नाही, माझ्या सासऱ्यांना कळेल आणि ते दोन तास सोडणार नाहीत.

या शब्दाचा नातलग असावा असा एक शब्द इथे भेटतो. नैर्ऋत्येचा वारा: जुन्या ग्रीकमध्ये ‘लिप्स्’, षष्ठी ‘लिबोस्’. आज ‘लिव्हास’, उन्हाळ्यातला कोरडा भाजणारा वारा. सुटला की सासूबाई खिडक्या लावून घेतात. इथे रोमन बाजारपेठेच्या आवारात वाऱ्यांचा अष्टकोनी मनोरा आहे, आठ बाजूंना आठ वारे कोरलेत. त्यातल्या लिप्स्-च्या हातात जहाजाच्या पिछाडीचा वाकडा शोभेचा तुकडा आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते सूप वाटलं होतं.

आणि तुमच्या यादीत भर: लिबुस् हे ग्रीक माणसाचं नावही होतं! स्पार्टाचा सेनापती लिसान्द्रोस, ज्याने अथेन्सचा पाडाव केला, त्याचा सख्खा भाऊ लिबुस्. इ.स.पू. ४०३ मध्ये आमच्या पिरेअस बंदराची समुद्राकडून नाकेबंदी केली ती याच्या आरमाराने. दिओदोरोस हा इतिहासकार सांगतो की आमोनच्या बाजूला लिबुस् नावाचा एक राजा होता, यांचा घरोब्याचा स्नेही, त्याच्यावरून मुलाचं नाव ठेवलं. शुद्ध स्पार्टन पोराचं नाव ‘लिबियन’. आपल्याकडे पंजाबी मित्रावरून कुणी मुलाचं नाव ‘पंजाबी’ ठेवल्यासारखं.

लेणीवेडा

वा! हे माहीत नव्हतं.

आपल्या बाजूने एक जोडतो. हेरोडोटसच्या सातव्या भागात इराणचा सम्राट झर्क्सीस याच्या फौजेची मोजदाद आहे. ६५व्या परिच्छेदात भारतीय: सुती कपडे, वेताची धनुष्यं, बाणांना लोखंडी टोकं. ७१व्यात लिबुएस्: कातड्याचे कपडे, आणि टोक जाळून कडक केलेले भाले. इ.स.पू. ४८० मध्ये एकाच छावणीत, एकाच पगारावर (मिळाला असल्यास, नाना).

नंतर सव्वादोनशे वर्षांनी अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावं येतात, त्यातला ‘मक’ किंवा ‘मगा’ म्हणजे कुरेनेचा राजा मागास. गिरनारला जाल तेव्हा बघा. आपल्या सोपाऱ्याला फक्त आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले, तेरावा नाही, याचं मला वैयक्तिक दुःख आहे. पण लिबुस् हा शब्द त्या लेखात नाहीच. तिकडचा राजा आपल्याला ‘यवन’ म्हणूनच कळला.

वाशिष्ठीकाठ

मंडळी, तीन प्रश्न विचारले आणि गाडाभर मिळालं. पगाराचा टोमणा पोचला.

आता मी जिथे आहे ते सांगून थांबतो. उलटा वाचत १५८व्यावर गेलोय, कुरेने वसवण्याची गोष्ट. थेरा बेटावरचे ग्रीक आधी किनाऱ्यालगत एका बेटावर, मग समोर अझिरिसला सहा वर्षं राहिले. मग तिथले लिबुएस् म्हणाले, चला, याहून चांगली जागा दाखवतो. आणि वाटेत इरासा नावाचा सगळ्यात सुंदर मुलूख लागतो, तो ग्रीकांना दिसू नये म्हणून दिवसाचा हिशोब करून तिथून बरोबर रात्री नेलं! मग झऱ्यापाशी आणून म्हणाले: ‘ग्रीकांनो, इथे राहा. इथे आभाळाला भोकं आहेत.’

क्रियापद ‘तेत्रेताइ’. भोक पाडलेलं असणं, गिरमिटाने पाडतात तसं. एवढे एक वाक्य मी कोशाशिवाय वाचलं. कुरेनेचा तो डोंगर हिरवा आहे, तिथे पाऊस पडतो, बाकी देशात वाळू, म्हणून तसं म्हणाले. मी हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्याकडे आभाळ फाटतं, त्यांच्याकडे नुसती भोकं, म्हणजे त्यांचं बरं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठी आमच्या माळ्यापर्यंत आली होती, तेव्हा तिला बोलायचा हक्क आहे.

पण २०२३च्या सप्टेंबरात डॅनियल वादळ आलं तेव्हा अल बैदाला एका दिवसात ४१४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पलीकडे दर्नाची धरणं फुटून गावाचा मोठा भाग समुद्रात गेला. दर्नाला मी दोनदा गेलो होतो, पाइप आणायला. आमचा ड्रायव्हर असेल तर आता ऐंशीच्या घरात असेल. त्याचा पत्ता माझ्याकडे कधीच नव्हता, फक्त टोळीचं नाव आहे.

तो आम्हाला ज्या झऱ्यापाशी सोडून झोपायचा, तो हाच झरा. आणि जाताना तो नेहमी खालच्या रस्त्याने न्यायचा, वरून कधीच नाही. मी विचारलं होतं तर म्हणाला, वर काही नाही, नुसती शेतं.

ताई, दीर्घ ओ-वर रेघा मारायला घेतल्यात. सहा वह्या आहेत.

खारीबुंदी

नाना, वरच्या रस्त्याला नक्की इरासा होतं.